बी बाबाचा

अख्खं हॉस्पिटल ज्यांना घारकाका म्हणायचं, त्यांना गेले सात महिने धड दिसत नव्हतं. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना, घरी काकूंना आणि स्वतः काकांना. निदान काकांचा तसा ठाम समज होता. आणि काकांचा समज एकदा ठाम झाला की तो हलवायला क्रेन मागवावी लागायची.

घार हे नाव काही कुणी थट्टेनं ठेवलेलं नव्हतं. बत्तीस वर्षं काका हॉस्पिटलच्या सर्व्हररूममध्ये मशीन उघडणं, बसवणं, जोडणं हेच काम करत होते. कुणाच्या हातून तिळाएवढा स्क्रू पडला आणि चार माणसं जमिनीवर रांगायला लागली, की काका दारातूनच सांगायचे, "अरे, तिसऱ्या कपाटाच्या मागच्या पायाशी आहे तो. उठा, पँट मळवू नका." दारावरच्या जाड भिंगाच्या चष्मेवाल्या रखवालदाराला त्यांनीच दुर्बीण हे नाव ठेवलं होतं, आणि रोज आत जाताना "काय दुर्बीण, आज चंद्र दिसला का?" असं विचारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. बिचारा हसायचा. एवढी मिजास त्या डोळ्यांची! आणि आता त्याच डोळ्यांत मोतीबिंदू, तोही दोन्हीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साधं ऑपरेशन आहे, आधी उजवा, मग दोन-तीन आठवड्यांनी डावा. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, घरात कुणीतरी हाताशी हवं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी येऊन काकूंना शपथ घातली. "चिमणीला यातलं अक्षरही कळता कामा नये."

चिमणी म्हणजे लेक. वय एकतीस, पण घरात अजून चिमणीच. त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर ती स्टोरेजचं, म्हणजे हॉस्पिटलची सगळी माहिती साठवण्याचं काम बघायची. बाप खाली मशीनमध्ये हात घालून, लेक वर पडद्यासमोर. तिला दूरच्या शहरातून नोकरीचं पत्र आलं होतं. मोठी जागा, दहा जणांची टीम, ज्या कामाचं ती कॉलेजपासून स्वप्न बघत होती तेच काम. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं आणि बाईसाहेब तीन आठवडे "विचार करते" एवढंच म्हणत होत्या. काकांचा जीव टांगणीला लागला होता. डोळ्यांचं कळलं तर ही पोरगी पत्र फाडून थेंबांची बाटली घेऊन उशाशी बसेल, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती तशीच आहे. हट्टी आणि हळवी, दोन्ही एकदम. कुणावर गेलीय ते विचारू नका.

तेव्हा काकांचा बेत असा होता: रविवारचं काम निभावून न्यायचं, सोमवारी ती हो म्हणेल, पुढच्या महिन्यात ती गाडीत बसेल, आणि तिची गाडी दिसेनाशी झाली की दुसऱ्या दिवशी आपण ऑपरेशनच्या टेबलावर. काकूंनी हे ऐकून कपाळावर हात मारला होता. पण शपथ ती शपथ.

आता ते रविवारचं काम काय होतं तेही सांगायला हवं. हॉस्पिटलनं नवं स्टोरेज घेतलं होतं. म्हणजे माणसाच्या उंचीचं एक कपाट, आत नुसत्या डिस्का. सगळ्या पेशंटांचे एक्स-रे, स्कॅन, औषधांच्या नोंदी, सगळं त्यात राहणार. सर्व्हरला त्या कपाटाशी बोलायचं तर सर्व्हरच्या पोटात एक खास कार्ड बसवावं लागतं. हाताच्या पंजाएवढं हिरवं कार्ड, मागे दोऱ्याएवढ्या बारीक काचेच्या केबलसाठी खोबण. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक सोळा अक्षरी नाव मिळालेलं असतं. जगात तसं दुसरं नाव नाही. स्टोरेजला ते नाव कळवलं की मगच ते त्या कार्डाला त्याची डिस्क दाखवतं. अनोळखी कार्डाला दारात उभं करत नाही.

आणि ते सोळा अक्षरी नाव कार्डावरच्या चिकटपट्टीवर छापलेलं असतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

बापलेकीची एक पद्धत होती. कार्ड मशीनमध्ये बसवण्याआधी काका ते नाव चार-चार अक्षरांत मोठ्यानं वाचणार, चिमणी वर लिहून तेच परत म्हणणार, दोघांचं जुळलं की मगच कार्ड आत. नवे लोक हसायचे. म्हणायचे, काका, केबल लावून मशीन चालू केलं की कार्ड स्वतःच आपलं नाव सांगतं की, वाचत कशाला बसता? त्यावर काका म्हणायचे, "नाव सांगतं बाबा, पण आपण कुठल्या मशीनच्या पोटात बसलोय ते सांगतं का? ते बसवणाऱ्यानंच सांगायचं असतं."

या नावांत शून्य ते नऊ आकडे असतात आणि ए ते एफ ही सहा अक्षरं. फोनवर बी, डी, ई सगळं सारखंच ऐकू येतं, म्हणून चिमणीनं सहा वर्षांची असताना एक यादी केली होती. काका तेव्हा निकामी झालेली कार्डं घरी आणायचे आणि ती जमिनीवर पालथी पडून चिकटपट्ट्या वाचायची. अक्षरओळखच तिची त्यांवर झाली. ए आईचा, बी बाबाचा, सी चिमणीचा, डी डब्याचा, ई एडक्याचा, एफ फुग्याचा. आता पंचवीस वर्षं झाली, पण हॉस्पिटलच्या गंभीर कामात, साहेब शेजारी उभे असले तरी, काका चेहऱ्यावरची रेषही न हलवता "एडका, फुगा, शून्य, चिमणी" असंच वाचायचे.

गेले सात महिने हे वाचन चाललं होतं ते एका भिंगाच्या जोरावर. रुमालात गुंडाळलेलं, शर्टाच्या खिशातलं भिंग. "थांब गं, कार्डावर धूळ आहे, पुसतो," असं म्हणायचं, भिंग काढायचं, दिव्याखाली धरायचं, वाचायचं, परत खिशात. चिमणी वरच्या मजल्यावर. कोण बघतंय!

रविवारी सकाळी दहाला काम सुरू होणार होतं. दहा ते एक हॉस्पिटल कागदावर चालणार, एकला सगळं परत सुरू. काकूंनी डबा हातात दिला, शर्टाची कॉलर सरळ केली, खिशावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सांभाळून हं." बाहेर पडताना काकांना वाटलं, आज हिचा आवाज जरा निराळा आहे. पण बायकोच्या आवाजाचा विचार करायला तेव्हा वेळ कुणाला होता?

सर्व्हररूमच्या अलीकडच्या बोळात बाकांवर माणसं बसली होती. एक बाई मांडीवर चार-पाच वर्षांची पोर घेऊन बसली होती, पोरीचा हात प्लास्टरमध्ये. काकांच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून बाईनं विचारलं, "दादा, आज फोटो दिसणार नाहीत म्हणतात. हिचा आधीचा फोटो डॉक्टरांना बघायचाय. निघेल ना?"

"एक वाजता. एकच्या ठोक्याला," काका म्हणाले. "बसा निवांत."

दारावर दुर्बिणीनं मोबाईल मागून घेतला आणि खणात ठेवला. आत कॅमेरा न्यायला बंदी होती. "काय दुर्बीण, चंद्र दिसला?" काकांनी विचारलं. "ढग आहेत काका," तो म्हणाला. काका हसले, पण त्यांना ते जरा लागलंच.

आत गार हवा आणि पंख्यांची घरघर. दोन सर्व्हर बंद करून, वायरी काढून टेबलावर आणलेले होते. एक फोटोंचा, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन जिथून दिसतात तो, दुसरा औषधांचा. प्रत्येकात दोन कार्डं बसवायची, म्हणजे एक वाट बंद पडली तर दुसरी चालू राहते. चार कार्डं आधीच खोक्यांतून काढून पुठ्ठ्यावर मांडून ठेवली होती. काकांनी मनगटाला पट्टा बांधला, त्याची क्लिप कपाटाच्या पत्र्याला लावली, म्हणजे अंगातली वीज कार्डावर उतरत नाही. मग भिंतीवरचा फोन स्पीकरवर टाकला.

"आहेस का गं?"

"आहे बाबा. मांडी घालून बसलेय. सांगा."

काकांनी पहिलं कार्ड उचललं. "जरा धूळ आहे, पुसतो हं," असं म्हणत खिशात हात घातला, रुमाल काढला, उलगडला. रुमालात रुमालच होता.

काकांनी दुसरा खिसा बघितला. पँटचे दोन्ही बघितले. मागचा बघितला. हत्यारांची पेटी उघडून बघितली. भिंगाचा पत्ता नाही! सकाळी तर स्वतः ठेवलं होतं, अगदी आठवतंय, रुमालाची चौघडी घालून ठेवलं होतं. 

"केवढी धूळ आहे बाबा?" वरून आवाज आला.

"झाली, झाली." काकांनी कार्ड दिव्याखाली नेलं, डोळे बारीक केले, मोठे केले, मान तिरकी केली. पहिली बारा अक्षरं चारही कार्डांची सारखी होती, एकाच कारखान्यातली, एकाच खोक्यातली. ती तर काकांना पाठ होती. मग सात, एडका, चार. खरी गंमत शेवटच्या अक्षरात. पहिल्या कार्डाचं शेवटचं अक्षर नऊ असावं. हो, खाली शेपटी आहे. नऊच.

"सात, एडका, चार, नऊ."

"सात, एडका, चार, नऊ," चिमणी म्हणाली. "फोटोंचं मशीन, पहिली खाच. लिहिलं."

फोटोंच्या मशीनचं झाकण सरकवून काकांनी पत्र्याची पट्टी काढली, कार्ड खाचेवर धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्. हे मात्र डोळ्यांशिवाय येत होतं त्यांना, झोपेतही आलं असतं. स्क्रू बसवला. दुसरं कार्ड उचललं. शेवटचं अक्षर गोल होतं. दोन गोल, एकावर एक.

"सात, एडका, चार, आठ."

 "आठ?"

"आठ."

"बरं. सात, एडका, चार, आठ. दुसरी खाच."

टक्. स्क्रू. झाकण बंद. काकांचा जीव भांड्यात पडला. निम्मं निभावलं, म्हणाले मनात, भिंग नसलं तर काय झालं, बत्तीस वर्षांचा हात आहे हा! औषधांच्या मशीनचं झाकण उघडलं. तिसरं कार्ड सोपं निघालं, वर टोक आणि खाली दोन पाय. ए आईचा. लिहिलं, बसवलं. मग चौथं कार्ड हातात घेतलं, दिव्याखाली धरलं, आणि काका गार पडले.

दोन गोल. एकावर एक.

"सांगा बाबा," चिमणी म्हणाली.

"सात, एडका, चार…" काका थांबले. तोंडातून आपसूक निघून गेलं, "आठ."

"आठ तर मघाशी झाला, बाबा."

झालाच होता. जगात तसं दुसरं नाव नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. म्हणजे एक आठ खरा आणि एक खोटा. खोटा म्हणजे कोण, तेही काकांना लगेच कळलं. आठ, नऊ, आईचा, बाबाचा, अशी ओळीनं चार नावं होती ती. इंग्रजी आठ आणि इंग्रजी बी, डाव्या बाजूच्या एका सरळ रेघेचा काय तो फरक. ती रेघ काकांना दिसत नव्हती.

"अगं हो, बी. बी बाबाचा. जीभ घसरली," काका म्हणाले.

"आणि मघाचा तो आठ, नक्की आठच ना?"

काकांनी कार्ड उलटंपालटं केलं. हातातलं कार्ड बी असेल, आणि बसवलेलं आठ. किंवा नेमकं उलटं. कौल लावल्यासारखं झालं होतं हे. आणि उलटं असेल तर काय होईल, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. स्टोरेज बिचारं आज्ञाधारक. सांगितलेल्या नावाला सांगितलेली डिस्क दाखवणार. फोटोंची डिस्क औषधांच्या मशीनला दिसणार, आणि औषधांचं ते मशीन असं खुळं होतं की नवी डिस्क दिसली की न विचारता पुसून आपल्या नावावर करून घ्यायचं. दहा वर्षांचे फोटो त्यात. जुन्या कपाटात अजून प्रत होती म्हणा, पण ती परत आणायला तीन दिवस लागले असते, आणि बाहेर ती बाई प्लास्टरमधली पोर घेऊन एकच्या ठोक्याची वाट बघत होती.

"बाबा, नक्की ना?" चिमणीनं परत विचारलं.

हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. निम्मी शक्यता आपल्या बाजूची. हो म्हटलं की उद्या सोमवार, पोरगी हो म्हणेल, तिचं आयुष्य मार्गी लागेल. नाही म्हटलं की सगळं मुसळ केरात. सात महिन्यांचं नाटक, काकूंची शपथ, सगळं. काकांनी कार्ड आणखी एकदा दिव्याखाली धरलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, म्हणून होतं नव्हतं तेवढंही दिसेना.

"बाबा?"

"चिमणे," काका म्हणाले, "मला दिसत नाहीये गं."



"आत्ताच नाही. सात महिने झाले. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. हे आठ की बी मला कळत नाही. मघाचंही मी अंदाजानं सांगितलं. तू काही जोडू नकोस. ऐकतेयस ना?"

पलीकडून नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका कार्ड हातात धरून तसेच उभे राहिले. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, दारावर "ताई, मोबाईल, मोबाईल!" असं दुर्बीण ओरडला, आणि चिमणी आत आली. केस सुटलेले, नाक लाल. आली आणि बापाच्या गळ्यातच पडली.

"अगं, पट्टा बांधलाय मी, वायर तुटेल," काका म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचेना.

"तुटू दे." मग ती मागे झाली आणि जी भडकली! "सात महिने! सात महिने मी वाट बघतेय, की आज सांगतील, उद्या सांगतील. तोंडाला कुलूप! अकरा वेळा चुकलात तुम्ही, अकरा!"

"अकरा?" काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी? कधी?"

"आत्तापर्यंत एका वेळी एकच मशीन असायचं. केबल लागली की कार्ड माझ्या पडद्यावर आपलं नाव सांगायचं. तुमचं चुकलेलं असलं की मी गुपचूप दुरुस्त करून टाकायचे. तीन म्हणालात ते आठ असायचं, शून्य म्हणालात तो डबा असायचा. मी आपली 'बरोबर बाबा' म्हणायचे."

काका खुर्चीवर बसले. अकरा वेळा, आणि ही एकदाही बोलली नाही. त्यांना लाजही वाटली आणि कसंसंच झालं, कारण "बरोबर बाबा" ऐकून ते दरवेळी खूश झाले होते.

"म्हणजे आजही तुझ्याजवळ काही तोड होतीच," ते म्हणाले.

"होती. एकेक मशीन चालू करायला लावणार होते. फोटोंना धक्का लागू दिला नसता मी." तिनं बाहीनं नाक पुसलं. "पण मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"आता ऐकलंस ना? म्हणून सांगत नव्हतो." काका म्हणाले. "आता तू जाणार नाहीस. थेंब घालत बसशील माझ्या उशाशी."

 चिमणी खाली बसली, त्यांच्या गुडघ्यांशी, लहानपणी चिकटपट्ट्या वाचायची तशी.

"बाबा, मी तीन आठवडे हो का म्हणत नव्हते, माहीत आहे? डोळ्यांसाठी नाही. मोतीबिंदू काय, होतं ऑपरेशन, आई आहे, थेंब तीही घालेल. मी अडले होते ते तुम्ही सांगत नव्हता म्हणून. इथे एका छपराखाली राहून माझ्यापासून लपवता, मग मी तिकडे गेल्यावर काय कराल? रोज फोनवर 'सगळं छान, सगळं छान'. जिन्यावरून पडलात तरी 'सगळं छान'. खोटं ऐकत तिकडे बसायचं आणि रात्री छताकडे बघायचं, ते मला जमणार नव्हतं. तुम्ही खरं सांगता एवढं कळलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी हो म्हणाले असते."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  तिला जाता यावं म्हणून जे केलं, त्यानंच तिचा पाय धरून ठेवला होता. बत्तीस वर्षं चुका शोधण्यात घालवलेल्या माणसाला ही चूक सात महिने सापडली नव्हती.

"मी गाढव आहे गं," ते शेवटी म्हणाले.

"आहातच," ती म्हणाली, आणि दोघंही रडता रडता हसायला लागली.

"पण आज माझं भिंग कुठे गेलं ते कळेना."

"भिंगपण आहे?" चिमणीनं डोळे मोठे केले. मग ती विचारात पडली आणि उठून तिनं भिंतीवरच्या फोनवरून घरचा नंबर लावला. "आई, बाबांचं भिंग…"

"पिठाच्या डब्यात आहे," काकूंचा आवाज स्पीकरवर खणखणला. "सकाळी मीच काढलं. सांगितलं का त्यांनी? सांगितलं? सुटले बाई! सात महिने हे म्हणतात तिला सांगू नकोस, ती म्हणते त्यांना सांगू नकोस, तुला शपथ आहे. दोघांच्या शपथांनी मी फुगून फुटायची राहिले होते. आता कामं करा आणि वेळेवर घरी या!" आणि फोन आदळला.

घड्याळात बारा वाजून गेले होते. चिमणीनं पट्टा बापाच्या मनगटावरून सोडवून आपल्या मनगटाला बांधला. "तुम्ही वर जा. माझ्या खुर्चीवर बसा. पडद्यावरची अक्षरं पेल्याएवढी मोठी केलीत मी, तुम्हाला दिसतील. मी वाचते, तुम्ही लिहून परत म्हणा."

"पडद्यावरची अक्षरं तू आधीच मोठी करून ठेवलीस?"

"तीन आठवड्यांपूर्वी. जा आता."

काका जिना चढून वर गेले. बत्तीस वर्षांत ते त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. फोन स्पीकरवर टाकला. खालून पंख्यांची घरघर आली, आणि झाकण सरकल्याचा आवाज, आणि स्क्रू सुटल्याचा.

"फोटोंचं मशीन, दुसरी खाच," चिमणी म्हणाली. "सात, एडका, चार, बी बाबाचा."

म्हणजे उलटंच होतं. हो म्हटलं असतं तर संपलंच होतं. काकांनी एक श्वास घेतला आणि एकेका बोटानं अक्षर दाबलं.

"सात, एडका, चार, बी बाबाचा," ते म्हणाले.

"बरोबर बाबा."

एकला दहा मिनिटं कमी असताना चारही कार्डांवर हिरवे दिवे लुकलुकायला लागले. एकच्या ठोक्याला बोळातल्या बाईला आत बोलावलं.

चिमणीनं सोमवारी सकाळीच होकार कळवला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं जाण्याआधी करवून घेतलं, पहिले आठ दिवस थेंबही तिनंच घातले, आणि मग गेली. स्टेशनवर काका रडले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला पाणी लावू नका म्हटलं होतं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. घरी येऊन मात्र काकूंच्या खांद्यावर भरपूर रडले.

ती गेल्यावर आठवड्याभरानं हॉस्पिटलात आणखी एका सर्व्हरमध्ये कार्ड बसवायचं होतं. चिमणीच्या जागी आलेल्या बाईंना हे काम नवीन होतं, म्हणून पहिल्या वेळेला चिमणीही दूरवरून फोनवर होती. तिच्या नव्या ऑफिसात, आजूबाजूला दहा जणांची टीम.

"सांगा बाबा."

"सी चिमणीचा, चार, डी डब्याचा…" काकांचा आवाज ठणठणीत होता. आणि मग थांबला.

चिमणीच्या हातातलं पेन थांबलं. पूर्वीच्या सवयीनं तिनं मनातल्या मनात म्हटलं, आता म्हणतील धूळ आहे.

"चिमणे, हे शेवटचं मला लागत नाहीये," काका म्हणाले, अगदी सहज, चहात साखर कमी आहे म्हणावं तसे. "उजव्यानं जवळचं अजून जेमतेम दिसतंय, डाव्यात अजून ढगच आहेत, पुढच्या मंगळवारी ऑपरेशन आहे त्याचं. काल जिन्यात एक पायरीही चुकलो, गुडघा खरचटलाय, फार नाही. थांब हं, दुर्बिणीला बोलावतो." आणि मग दाराकडे तोंड करून, अख्ख्या सर्व्हररूमला ऐकू जाईल असं, "अरे दुर्बीण, ये रे बाबा, तुझा तो चष्मा घेऊन ये. हे वाचून दे मला."

फोनवर पावलं ऐकू आली, खुर्ची सरकली, आणि रखवालदाराचा बिचकलेला आवाज आला. "ताई, हे… बी आहे."

"बी बाबाचा," चिमणी म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं तिला विचारलं, काय झालं, रडतेस का? चिमणीनं मान हलवली, डोळे पुसले आणि ते अक्षर लिहून घेतलं.